पुरात भिजलेली छऱ्याची बंदूक व्हाइसमध्ये धरताना

बंदूक मामांची. नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी, ४.५ मिमीची छऱ्याची बंदूक. लाकडी दस्ता, जुनी, जड. सांगलीवाडीच्या घरात ती कपाटामागं उभी असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. घर सोडताना कागदपत्रं, दागिने आणि गॅसची शेगडी निघाली, बंदूक कपाटामागंच राहिली. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायच्या धांदलीत कुणीतरी ती फडक्यानं पुसून, खोबरेल चोळून परत तिथंच उभी केली. वरून बरी दिसायची, म्हणून पुढं कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

मग २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं आणि मामांच्या नातीला एकाएकी आजोबांच्या बंदुकीची आठवण झाली. पदकाची रायफल वेगळी आणि ही वेगळी, हे तिला समजावून सांगितलं. तिचं उत्तर होतं, "असू दे की, डबा तर पाडता येईल." मामांनी बंदूक माझ्या हातात दिली. "तुझ्याकडं हत्यारं हाईत नव्हं? बघ की जरा. नाहीतर जाऊ दे भंगारात."

हत्यारं आहेत, पण विश्रामबागेतल्या माझ्या गॅलरीत व्हाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरायचं टेबलावरचं अवजार, नाही, आणि असलं काम व्हाइसशिवाय होत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी किर्लोस्करवाडीत जन्मभर फिटरकी केली. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागं पत्र्याची शेड टाकली आणि तिथं पाच इंची व्हाइस बसवला. टेबल बाभळीच्या जाड फळ्यांचं. टेबलाचा पाय जमिनीत गाडलेला आणि व्हाइस नेमका त्या पायाच्या डोक्यावर. पायाच्या डोक्यावर असल्यामुळं हातोडीचा मार सरळ जमिनीत उतरतो, फळी थरथरत नाही. हे मला नंतर कळलं. सुरुवातीला मी फक्त इतकंच पाहिलं की दांडी हलवली तरी टेबल जागचं हलत नाही.

बंदूक बघून काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताणलेली हाय का मोकळी?"

गंजलेल्या बंदुकीत हे बाहेरून कळत नाही. नळी खाली मोडली की तिच्या मागच्या सिलिंडरमध्ये पिस्टन मागं सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि चापाची खीळ पिस्टनला अडकवून ठेवते. पुराच्या वेळी ती त्याच अवस्थेत असेल, तर गंजानं खीळ तशीच चिकटलेली असणार. अशा वेळी चाप ओढून बघायचा नाही आणि मागची बाजू उघडायला तर मुळीच जायचं नाही. नळीत आधी लाकडी काडी घालून छरा अडकलेला नाही याची खात्री केली. नळीचा सांधा गंजानं धरला होता. त्यात गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नळी हळूहळू वाकवली. ती इतकीच वाकवली की सिलिंडरच्या तोंडावरचं बारीक भोक दिसेल. हवा याच भोकातून नळीत जाते. काकांनी सायकलच्या स्पोकचा तुकडा घासून बोथट केला आणि त्या भोकात सरकवला. दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन तो थांबला. पिस्टन पुढं टेकलेला होता, बंदूक मोकळी होती. ताणलेली असती तर स्पोक आणखी सात-आठ सेंटिमीटर आरामात गेला असता. नळी अर्धवट मोडलेली असताना बोटं तोंडाशी न्यायची नाहीत, म्हणून काकांनी नळी एका हातानं गच्च धरली होती आणि स्पोक लांब ठेवला होता. चार आण्याची तार, पण माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची तपासणी हीच.

तरी "मोकळी" म्हणजे बिनधोक, असा अर्थ कुणी काढू नये. स्प्रिंग मुळात सिलिंडरमधल्या जागेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर लांब असते. म्हणजे बंदूक न ताणताही ती तेवढी दाबलेलीच बसते आणि मागून तिला चापाचा ठोकळा अडवून धरतो. तो ठोकळा दोन आडव्या पिनांवर उभा. पिना काढल्या की अडवायला काही उरत नाही. पुढं नवी स्प्रिंग आली, तेव्हा तिच्यात सळई घालून ती बाथरूमच्या वजनकाट्यावर उभी दाबून पाहिली. पाच सेंटिमीटर दाबायला काटा तीस किलोच्या आसपास गेला. तीस किलोचा जोर, पुढं लोखंडी ठोकळा आणि त्याच्या समोर आपला चेहरा. यूट्यूबवर लोक सिलिंडरला टॉवेल गुंडाळतात, व्हाइसमध्ये आवळतात, ठोकळ्यावर छातीनं रेलतात आणि पंचानं, म्हणजे ठोकायच्या सळईनं, पिना काढतात. ते बघून काका म्हणाले, "ह्याला पंच एका हातात, हातोडी दुसऱ्या हातात, आणि स्प्रिंग बरगडीत व्हय?"

दस्ता काढायला फार वेळ गेला नाही. पुढच्या बाजूचे दोन आडवे स्क्रू आणि चापाच्या कडीखालचे दोन. एक हट्टी होता. त्याच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवलं, मग सुटला. स्क्रू ड्रायव्हरची पाती मात्र खाचेत पूर्ण भरेल अशी घासून घेतली होती, नाहीतर खाच गेलीच म्हणायची. दस्त्याच्या आत नदीचा गाळ वाळून बसला होता, बोटानं घासला की पावडर व्हायचा.

आता खरं काम. सिलिंडर धरायचा कसा?

व्हाइसचे जबडे कडक पोलादाचे असतात आणि त्यांच्यावर आडव्या-तिडव्या खाचा असतात. खडबडीत लोखंडाला चावून धरावं म्हणूनच त्या पाडलेल्या असतात. निळ्या चकाकीच्या सिलिंडरवर त्यांचे दात उमटतील, हे तर झालंच, पण खरी भीती ओरखड्याची नाही. सिलिंडर ही पातळ भिंतीची नळी. वरून गोल, आतून गोल, आणि आत पिस्टनचा वायसर तिच्या अंगाला घासत पळतो. बाहेरून दाब दिला आणि ती जरा लंबगोल झाली, तर वायसर दोन बाजूंना घासणार आणि दोन बाजूंनी हवा सोडणार. त्यात सिलिंडरच्या पोटाला लांब खाच असते, नळी मोडताना पिस्टन ओढणारा दांडा तिच्यातून फिरतो. तिथं गोलाई आधीच तुटलेली असते.

काकांनी हे तोंडानं सांगितलं नाही. भंगारातून पातळ पत्र्याचा नळीचा तुकडा काढला, हॅकसॉनं त्याच्या एका बाजूला लांब खाच पाडली आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर माझ्या हातात दिलं. मोकळ्या नळीचं माप उभं-आडवं सारखंच होतं, २५.४० मिमी. मग खाच वर ठेवून जबडे दोन बाजूंनी टेकवले आणि दांडी हलकी फिरवली. आडवं माप २५.१०, उभं २५.६०. आणखी पाव फेरा दिला, तर खाचेच्या कडा एकमेकींकडं सरकलेल्या डोळ्यांना दिसल्या. दांडी सोडली तेव्हा नळी परत आली, पण पूर्ण नाही. व्हर्निअरमध्ये दोन-तीन दशांशांचा फरक राहिलाच. "बघ, मी आवळलंय कुठं अजून?" काका म्हणाले. तो तुकडा मी मागून घेतला, आता तो माझ्या पेन्सिलींच्या डब्यात आहे.

म्हणून लाकडाचे ठोकळे करायचे ठरलं. वखारभागातून देवदारी पॅकिंगच्या लाकडाचे दोन तुकडे आणले. सागवान मिळत होतं, पण ते कडक पडतं. इथं लाकूडच दबलं पाहिजे, लोखंड नाही. तुकडे साधारण १० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर जाड, एकमेकांवर टेकणारी तोंडं रंधून सपाट. दोन्हींच्या मधे तीन मिमी जाडीचा पुठ्ठा ठेवला आणि सगळं मिळून व्हाइसमध्ये आवळलं. मग नेमकं सांध्यावर मध्य धरून सिलिंडरच्या बाहेरच्या मापाचं ३० मिमीचं भोक पाडलं. नंतर पुठ्ठा काढून टाकायचा. गंमत या पुठ्ठ्यातच आहे. तो नसता, तर दोन्ही ठोकळ्यांची तोंडं एकमेकांवर टेकली असती आणि सिलिंडर आत सैल फिरत राहिला असता. पुठ्ठा गेल्यामुळं मधे तीन मिमीची फट उरते. जबडे आवळले की ठोकळे सिलिंडरला चारी अंगांनी कवटाळतात आणि फट पूर्ण मिटायच्या आत पकड बसते. दाब एका रेषेवर न येता सगळ्या गोलाईवर पसरतो.

ठोकळ्यांच्या आतल्या बाजूला जुन्या पट्ट्याचं पातळ चामडं चिकटवलं. खरखरीत बाजू वर. त्यावर राळ चोळली. सायकलच्या ट्यूबचं रबर सगळे सुचवतात, पण तेल लागलं की रबर निसटतं आणि मग माणूस आणखी आवळत जातो. राळेला तेलाची तेवढी भीती नसते. मिरज इथून पाच-सात किलोमीटरवर, तंतुवाद्यांचं गाव. गजाला लावायच्या राळेची वडी तिथल्या दुकानातून सहज मिळाली. दुकानदारानं विचारलं, व्हायोलिन की सारंगी? मी बंदूक म्हटल्यावर त्यानं काही न बोलता वडी कागदात बांधली.

ठोकळे झाले तरी धरायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. मागच्या टोकाला पिना आहेत, म्हणून तिथं धरावं असं वाटतं. पण तिथंच पोटाची खाच संपते आणि चापाचा ठोकळा आत बसलेला असतो. बाहेरून दाबलं तर तोच अडकायचा. मधे धरावं तर पिस्टनची धाव तिथं. सिलिंडरचं पुढचं टोक मात्र आतून भरीव असतं. हवेचं बारीक भोक ज्या लोखंडातून जातं, तो दोन-अडीच सेंटिमीटरचा भाग. तिथं दाबलं तर आत काही वाकायला नाही. आम्ही ठोकळ्यांचा निम्मा भाग त्या भरीव टोकावर येईल असं धरलं आणि खाच खाली, म्हणजे जबड्यांच्या रेषेबाहेर ठेवली. आवळायचं किती? ठोकळा आणि सिलिंडर यांच्यामधे वर्तमानपत्राची पट्टी घालायची आणि ती ओढून पाहायची. निघत नाही, फाटते, तिथं थांबायचं. मग व्हर्निअर लावायचं. मोकळा असताना सिलिंडर उभा-आडवा ३०.०२ भरला होता. आवळल्यावर आडवा ३०.००, उभा ३०.०२. व्हर्निअरची स्वतःची बारकाई ०.०२ मिमी, म्हणजे तो फरक नसल्यातच जमा. तेवढ्या पकडीत सिलिंडर हातानं पिळून पाहिला, हलला नाही.

पुढं धरल्यामुळं मागचं टोक एका फुटाहून जास्त अधांतरी राहिलं. पिना तिथंच ठोकायच्या होत्या. अधांतरी टोकावर हातोडी मारली तर प्रत्येक फटका सगळ्या लांबीला तरफेसारखा वाकवतो, आणि तो बाक व्हाइसपाशी येऊन जमतो. त्यासाठी तिसरा ठोकळा केला. वर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, खाली टेबलावर सपाट, आणि पिन बाहेर पडायला मधे आरपार भोक. तो नेमका पिनेखाली सरकवला. काकांचं म्हणणं सरळ होतं: "मार जिथं, टेकू तिथं."

चौथी गोष्ट शिकंजा. सुतार दाराच्या फळ्या जोडताना वापरतात तो लांब पट्टीचा, एका टोकाला स्क्रूचा. स्प्रिंगचा जोर झेलायचं काम त्याचं, व्हाइसचं नाही. हे वाटून दिलं की अर्धी भीती तिथंच जाते. व्हाइस सिलिंडर जागेवर ठेवतो, शिकंजा स्प्रिंगला दाबून धरतो आणि टेकू हातोडीचा मार घेतो. तिन्ही कामं एकट्या व्हाइसकडून करून घ्यायची म्हटली की तो आवळावाच लागतो, आणि आवळला की सिलिंडर गेला.

आधी नळी सुटी केली. सांध्याचा बोल्ट काढला, पिस्टन ओढणारा दांडा मोकळा झाला. आता शिकंज्याचं एक टोक सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर, मधे लाकडी चकती. दुसरं, स्क्रूचं टोक चापाच्या ठोकळ्यावर, तिथं वाटीसारखी खोलगट खाच पाडलेली लाकडी चकती. खाच का, तर दाब वाढला की स्क्रूचं टोक बाजूला निसटायला बघतं, वाटीत बसलं की ते निसटू शकत नाही. शिकंज्याची पट्टी सिलिंडरला समांतर आहे का, ते वरून आणि बाजूनं डोळा लावून पाहिलं. तिरकी असली तर ठोकळा आत सरळ जात नाही, खाचेला घासतो. डोळ्यांवर गॉगल. शेडच्या दाराकडं सिलिंडरचं मागचं तोंड होतं, म्हणून दार लावून घेतलं. काकांचा नातू सारखा डोकावत होता.

शिकंजा किती दाबायचा याची खूण सोपी. ठोकळ्याची कड सिलिंडरवर जिथं येते तिथं सुईनं बारीक रेघ ओढायची. स्क्रू फिरवत गेलं की एका क्षणी रेघ आणि कड यांच्यात केसभर अंतर दिसतं. म्हणजे स्प्रिंगचा भार पिनांवरून उतरून शिकंज्यावर आला. त्याहून जास्त दाबलं तर भार उलट बाजूनं पिनांवर येतो. धड अवस्थेतल्या बंदुकीत या क्षणी पिन पंचानं ढकलली की निघते. ठोकावं लागलं, तर भार अजून उतरलेला नाही असं समजायचं.

आमची बंदूक धड नव्हती. भार उतरला होता, रेघ सांगत होती, तरी पिना हलेनात. पुरातलं पाणी पिनेच्या भोकात शिरलं की तिथल्या गंजाचं सिमेंट होतं. तेल सोडलं, शिकंजा ढिला केला आणि सगळं तसंच ठेवून दिलं. भार तसाच ठेवून रात्रभर निघून जाऊ नये. लाकूड हळूहळू दबत असतं आणि सकाळी शिकंजा कुठल्या अवस्थेत असेल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी परत शिकंजा, परत रेघ. हेअर ड्रायरनं पिनांभोवतीचा भाग गरम केला. गॅसच्या बर्नरचा विषयच नव्हता, त्यानं निळा रंग उतरतो आणि आतल्या चापाच्या खिळीचं पाणी, म्हणजे कडकपणा, जातं.

पिन चार मिमीची, म्हणून पंच साडेतीनचा, तोंड घासून सपाट केलेला. निमुळता पंच पिनेला भोकातच फुगवतो. काकांनी लहान हातोडी घेतली आणि टुकटुक न करता एकच ठाम फटका दिला. हळू फटक्यांच्या मालिकेनं पिनेचं डोकं पसरतं, असं त्यांचं मत, आणि ते बरोबर असावं. दुसऱ्या फटक्याला आवाज बदलला. आधी ठस्स यायचा, आता जरा मोकळा टण्ण. पिन अर्धा मिमी सरकली होती. तिच्या कडेनं लालसर पाणी आणि तेल मिसळून बाहेर आलं. त्यानंतर ती सरळ टेकूच्या भोकात उतरली. दुसरी पिन त्यामानानं सुखाची गेली.

आता फक्त शिकंज्याचा स्क्रू सोडायचा. दोघं बाजूला उभे, मागच्या तोंडाच्या रेषेत कुणी नाही. प्रत्येक फेऱ्याला ठोकळा तेवढाच बाहेर येत होता. स्प्रिंग मधेच करकरली आणि काकांचा हात थांबला. स्प्रिंग तुटलेली असेल तर दोन तुकडे एकमेकांवरून घसरताना असा आवाज येतो, आणि घसरताना ठोकळा एकदम पाच-सात मिमीनं उडी मारतो. शिकंजा असल्यामुळं उडी तिथंच जिरली. पाच सेंटिमीटरच्या पुढं ठोकळा शिकंज्यातून सैल झाला, हातानं काढला.

आत बघण्यासारखं बरंच होतं. स्प्रिंग मधोमध तुटलेली. तुटल्या जागी कडेला गंजाचा काळा खड्डा आणि बाकीचा भाग स्वच्छ राखाडी. खड्ड्यापासून चीर सुरू झाली आणि पुढं सरकत गेली, हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. सिलिंडरच्या तळाशी कृष्णेचा गाळ, ग्रीसमध्ये कालवलेला, मऊ, तपकिरी. पिस्टनचा चामडी वायसर वाळून लाकूड झाला होता. ज्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरलाय त्यांना हा वायसर ओळखीचा वाटेल. तोच प्रकार, फक्त मोठा. स्टोव्हचा पंप हवा धरेना की आई त्यावर तेलाचा थेंब सोडायची. इथं मात्र खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल ओतायचं नाही. पिस्टन पुढं आपटताना हवा इतकी तापते की साधं तेल पेट घेतं, बार झाल्यासारखा आवाज होतो आणि वायसर व स्प्रिंग दोन्ही मार खातात. सांध्यात सोडलेलं गंजाचं तेलही म्हणूनच रॉकेलनं धुऊन, पुसून, वाळवून काढलं.

सिलिंडर आतून घासताना तो पुन्हा त्याच ठोकळ्यांत धरला. लाकडी काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तेल लावून. गंजाची साय गेली, दोन-तीन खड्डे राहिले. ते काढायला जावं तर भिंत पातळ होते, म्हणून राहू दिले. खड्डे वायसरच्या धावेच्या सुरुवातीच्या टप्प्यात आहेत, हवेचा दाब शेवटी शेवटी वाढतो, त्यामुळं फारसं नुकसान नाही.

नवी स्प्रिंग आणि वायसर मागवले. गणपती पेठेतल्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्यानं "जरा जास्त ताकदीची स्प्रिंग टाक की" असा सल्ला दिला, जो अशा वेळी कुणी ना कुणी देतोच. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवाना लागत नाही. ती मर्यादा गमतीखातर ओलांडायची नाही, हे एक. आणि जुन्या पिना, जुनी खीळ, खड्डे पडलेला सिलिंडर, त्यात कडक स्प्रिंग कोंबायची कशाला, हे दुसरं. मूळ मापाचीच घेतली.

परत जुळवणी ही उघडण्याहून नाजूक. उघडताना जोर कमी होत जातो, बसवताना वाढत जातो, आणि शेवटी ठोकळ्याचं भोक सिलिंडरच्या भोकाशी मिळालं की नाही हे बघायचा मोह होतो. बोट घालून बघायचं नाही. काकांनी एक निमुळती सळई करून ठेवली होती, भोकातून ती सरकवायची. ती आरपार गेली की भोकं जुळली, मग तिच्या मागोमाग पिन ढकलायची, म्हणजे पिन पुढं सरकते तशी सळई दुसरीकडून बाहेर पडते. मधे भोक रिकामं राहत नाही. नव्या वायसरची कड सिलिंडरच्या खाचेवरून जाताना कापली जाते, म्हणून खाचेच्या कडा बारीक कानशीनं आधीच मोडून ठेवल्या होत्या आणि आत जाताना वायसर प्लॅस्टिकच्या पट्टीनं सांभाळला. ग्रीस मोजकं, मॉलीचं (मॉलिब्डेनमचं), पिस्टनच्या कडेला आणि स्प्रिंगवर पातळ थर. वायसरपुढं काही नाही.

व्हाइसमधून काढायच्या आधी शेवटचं माप. आडवं ३०.०२, उभं ३०.०२. चामड्याचे पुसट डाग फक्त, तेही फडक्यानं गेले.

पहिल्या काही छऱ्यांना नळीतून धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, कुठंतरी थोडं तेल राहिलं असणार. मग थांबला. वेग मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीत छरा किती रुततो ते पाहिलं, आणि दर वेळी जवळपास सारखाच रुतला एवढ्यावर समाधान मानलं. मागं भिंतीला टेकवलेलं वाळूचं पोतं होतं. रिकामी बंदूक नुसती वाजवून बघायची नाही, छरा नसला की पिस्टनला अडवायला हवेची गादी राहत नाही आणि तो थेट लोखंडावर आपटतो. मामांना हे दोनदा सांगावं लागलं, कारण त्यांना "वाजती का" एवढंच बघायचं होतं.

नातीनं १० मीटरवर स्पर्धेचा कागद लावला. त्यातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, या बंदुकीनं तो लागणं नशिबाचा भाग. पण काळ्या गोलाच्या आत छरे जायला लागलेत. चाप मात्र अजून फार जड आहे. त्याची खीळ घासायची तर चापाचा ठोकळा वेगळा धरावा लागेल, आणि तो गोल नाही, वेड्यावाकड्या आकाराचा आहे. त्याला हे देवदारी ठोकळे चालणार नाहीत. काकांनी माप घेऊन ठेवलंय, शिशाचे जबडे ओतू म्हणतात.